काकांचा ओटा

पोलादकाकांनी घरात एखादा खिळा ठोकला की तो काढायला भिंतच पाडावी लागेल, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सांगताना वैतागायची आणि मनातून फुशारायचीही. विमानतळाच्या वर्कशॉपात फिटर असलेल्या या माणसाला डगमगतं काही बघवतच नसे.

म्हणूनच धावपट्टी संपते त्याच्या पलीकडचा अँटेना त्यांच्या डोळ्यांत सलायचा. उतरणाऱ्या विमानांना दिशा दाखवणारं हे महागडं यंत्र, आणि त्याचे खांब मात्र कमरेशी मुद्दाम बारीक केलेल्या बोल्टांवर उभे! जरा वादळ झालं की आडवे. एका इंजिनीयर मुलीने समजावलंही होतं, "काका, एखादं विमान थांबलं नाही, घसरत इथवर आलं, तर हे मोडायलाच हवेत."

काका हसले होते. "अगं पोरी, मोडावी म्हणून कुणी वस्तू करतं का?"

पुढे तिची बदली झाली. वादळांची काही झाली नाही. अँटेना पडला की विमानं खोळंबायची, वरून फोन यायचे आणि मोठे साहेब काकांवर आग पाखडायचे. शेवटी साहेब म्हणाले, "काका, एकदाच काय ते करून टाका. पुन्हा पडता कामा नये."

मग काय, काकांच्या अंगातच आलं. सळ्या विणून, काँक्रीट ओतून त्यांनी छातीएवढा ओटा उभा केला आणि त्यावर अँटेना बसवला. पुढच्या वादळात तो हललासुद्धा नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर काकांची पाठ थोपटली. त्या दिवशी काका घरी शीळ घालत आले.

मग एका पावसात एक विमान थांबलं नाही. धावपट्टी संपली, ते गवतात शिरलं, चिखलात त्याचा वेग उतरत चालला होता. पुढे सगळं मोकळं रान होतं. मध्ये फक्त काकांचा ओटा होता.

काका धापा टाकत पोचले तेव्हा विमान पेटलेलं होतं. पुढच्या रांगांतलं कुणीच वाचलं नाही. ओट्याचा मात्र टवकाही उडाला नव्हता.

चौकशीत ते आपण होऊन म्हणाले, "मी बांधला. बांधू नये हे मला सांगितलं होतं, तरी बांधला." साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. अहवालात दोष निघाला पावसाचा आणि वैमानिकाचा. वैमानिक बिचारा उलटून बोलायला जिवंत नव्हता, आणि पाऊस कधी कुणाला उलटून बोलत नाही. साहेब सहीसलामत सुटले. थोड्याच दिवसांत निर्लज्जपणे काकांना म्हणाले, "पाया शाबूत आहे ना? मग त्यावरच नवा अँटेना चढवा. उद्या माल येतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकांनी काँक्रीट फोडायचं मशीन उचललं आणि ओट्यावर चालवलं. साहेब धावत आले.

"वेड लागलंय का? नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

संध्याकाळी काका जेवायला बसले तेव्हा हात इतके थरथरत होते की घास तोंडापर्यंत जाईना.

"अहो, एवढं काय करत होतात दिवसभर?" बायकोने घाबरून विचारलं.

"एवढासा कोपरा निघाला," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "फुटत नाही गं. काही केल्या फुटत नाही."