देवासच्या मुलाची चौकशी

आमच्या लोकांत लग्नाचं स्थळ आलं की चौकशीचं काम माझ्याकडे येतं. आमचे लोक म्हणजे दरबाराबरोबर धारला आलेली जुनी मराठी घरं, आणि नंतर पीथमपुर-देवासच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली नवी. मी पीथमपुरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. त्यामुळे मी माणूसही तसाच तपासून देईन असा लोकांचा समज आहे, आणि मी तो कधी खोडून काढला नाही.

माझी पद्धत साधी. नोकरी पक्की आहे की ठेक्यावर, हे गेटवरच्या माणसाला विचारतो. घर स्वतःचं की भाड्याचं, हे किराणावाल्याला. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगतो. आणि नाही म्हटलं, तर कारण देतो. कारण न देता मी आजवर एकही स्थळ परतवलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे मला हेच नडलं.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेल्यापासून तिच्या मुलीची जबाबदारी माझ्यावर आहे. भाची धारजवळच्या तिरल्याच्या शाळेत शिकवते. तिला देवासचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, एकुलता एक, वडील कारखान्यातून निवृत्त, मूळचे नाशिककडचे, आई लहानपणीच गेलेली. मी बाहेरून सगळी चौकशी केली. सगळं ठीक निघालं. पत्रिकाही जुळली. मी बहिणीला आणि मुलाच्या वडिलांना 'पुढे जायला हरकत नाही' असं कळवलं. साखरपुड्याची तारीख काढण्याआधी एकदा घर बघून यायचं, एवढंच उरलं होतं.

ते घर बघायला मी एकटाच गेलो. वडील साधे, थोडे घाईचे. "साहेब, आता उशीर नको," असं दोन-तीनदा म्हणाले. परत निघालो तेव्हा मुलगा मला स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायला आला. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली आणि चहा सांगितला. भर मे महिन्यात त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. ग्लास घेताना एक बाही वर सरकली. मनगटावर रबर बँड होता, आणि त्याच्याखाली जुन्या-नव्या लाल रेघा.

"काका, तुम्ही चौकशी करता ना?" तो म्हणाला. त्याचं मराठी हिंदी शाळेतलं, अडखळत येणारं. "मग माझी नीट करा. पूरी करा."

मग त्याने सांगितलं. त्याला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, कधी वाटलंच नाही. कॉलेजात असताना वडिलांना कळलं. वडील त्याला इंदूरच्या एका 'सरां'कडे घेऊन गेले. सर बोलायचे, डोळे मिटून काहीबाही कल्पना करायला लावायचे, कसल्या तरी गोळ्या द्यायचे, त्यांनी दिवसभर झोप यायची. आणि हा रबर बँड. मनात पुरुषाचा विचार आला की ओढून सोडायचा.

"सर म्हणतात, मी नव्वद टका ठीक झालोय. बाकीचं शादीनंतर होईल. मला तर काहीच फरक वाटत नाही, काका. पण मला काय समजतं? म्हणून तुम्हाला विचारतो. हे ठीक होतं का? होत असेल तर मी करतो लग्न. नसेल होत, तर त्या मुलीचं काय?"

समोर चहावाला कुणाला तरी "भिया, कट की फुल?" म्हणजे अर्धा चहा की पूर्ण, असं विचारत होता. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी मी एवढंच म्हणालो, "मला थोडा वेळ दे. तोवर तारीख काढू देणार नाही."

"पप्पांना सांगू नका, मी सांगितलं म्हणून."

घरी आलो, पण जेवण जाईना. हो म्हणावं तर भाचीचं आयुष्य अशा गोष्टीवर टांगायचं, जी मी तपासलेली नाही. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं की धार ते देवास सगळ्या घरांत त्या मुलाचं नाव होणार, आणि मनगटावर तशा रेघा ओढून घेणारा मुलगा त्यानंतर काय करेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. कारण दिलं नाही तर लोक स्वतःच कारण शोधणार, मुलाचं किंवा भाचीचं.

बायकोने ताट बघितलं आणि विचारलं, "दारू आहे का?"

"नाही."

"कर्ज? दुसरी कुणी बाई?"

"नाही."

"मग देवमाणूसच आहे की. का छळताय?"

मी म्हटलं, अजून एक तपासणी राहिली आहे. तिने पुढे विचारलं नाही, पण बहिणीचा फोन आला की माझ्या हातात द्यायच्या आधी ती माझ्याकडे बघायची. बहीण रोज विचारायची, "दादा, तारखेचं काय?" मी रोज कारखान्याचं कारण सांगायचो. ते खोटं होतं. आणि ते मला चांगलं जमत होतं, याचीच मला जास्त धास्ती वाटायला लागली.

मुलाकडून नंबर घेऊन इंदूरच्या सरांची वेळ घेतली. फोनवर म्हणालो, एका मुलाबद्दल विचारायचं आहे. त्यांनी मला कुणाचा तरी बाप समजलं. मी दुरुस्त केलं नाही. खोलीत एसी, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. सर माझ्याच वयाचे, गोड बोलणारे.

मी कुठल्याही माल पुरवणाऱ्याला विचारतो तेच विचारलं. किती जण आले? किती बदलले? बदलले हे कशावरून ठरवता?

"सौ टका रिझल्ट आहे, भाईसाहब," ते म्हणाले. "जो बरा होतो तो परत येतच नाही."

"आणि जो बरा होत नाही?"

"तो कशाला परत येईल?" असं म्हणून ते हसले. मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

आमच्या कारखान्यात एखाद्या गिऱ्हाईकाची तक्रार यायची थांबली, तर आम्ही पेढे वाटत नाही. तो अजून आपला माल घेतो का, हे आधी बघतो. मी विचारलं, बरा झालेला एखादा माणूस दाखवा. भेटू नका देऊ, नुसता सांगा.

"आत्ताचीच केस घ्या," ते म्हणाले. "देवासचा मुलगा. इंजिनिअर. चार दिवसांत साखरपुडा होईल. मुलगी धारची, चांगल्या घरातली. आणि मुलीचा मामा असा कडक आहे म्हणतात, की त्याच्या हातून वाईट स्थळ सुटतच नाही. त्याने स्वतः तपासून हो म्हटलंय. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?"

खुर्चीचा हात मी घट्ट धरला. कारखान्यात माप घ्यायच्या साधनाला आम्ही गेज म्हणतो. गेज बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या, जास्त खात्रीच्या मापाने ठरवायचं असतं. त्याच गेजने मोजलेल्या भागावरून तो गेज पास करायचा, ही चूक आमच्याकडे नवा पोरगासुद्धा करत नाही. इथे वडील सरांवर विसंबले होते, सर लग्नावर, लग्न माझ्यावर, आणि मी किराणावाल्यावर. मुलाला कुणीच विचारलं नव्हतं.

मी कोण आहे ते तिथे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलाचं नाव निघालं असतं. उठलो आणि खाली आलो.

त्यानंतर मी एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो, त्याही इंदूरच्याच. मराठी बोलतात. नाव-गाव न सांगता त्यांना सगळं सांगितलं.

"आजारच नाही, तर बरं काय करणार?" त्या म्हणाल्या. "पूर्वी आमच्यातले लोकही हे करायचे. झटके द्यायचे, उलटीची औषधं द्यायचे. नीट तपासलं तेव्हा हाताशी काही राहिलं नाही. कित्येकांनी डॉक्टरला बरं वाटावं, घरच्यांनी सोडावं म्हणून 'बदललो' सांगितलं. मधेच सोडून गेले त्यांना कुणी मोजलं नाही. जिवाला मुकले त्यांना तर नाहीच. आता डॉक्टरने असं काही केलं तर ते आमच्या धंद्यात गैरवर्तन धरतात. तो माणूस डॉक्टर आहे का?"

"पाटीवर नुसतं सर लिहिलंय."

"मग त्याला आमच्यातलं कुणी विचारायलाही जाणार नाही."

तरी मी विचारलंच. थोडा तरी फरक? लग्नाने?

"लग्न म्हणजे औषध नव्हे," त्या म्हणाल्या. "त्या मुलाची भीती, लाज, झोप, मनगट, यांवर इलाज आहे. तेवढ्यासाठी त्याला घेऊन या. लवकर या."

'लवकर' हा शब्द ऐकून मी त्याच दिवशी देवास गाठलं. मुलाला बाहेर बोलावून सांगितलं, ठीक होत नाही, कारण बिघडलेलं काही नाही. झोपेसाठी, मनगटासाठी एका डॉक्टरीणबाईंकडे चल म्हटलं, तर तो म्हणाला, ते नंतर बघू. मग म्हणाला, "चला आत. पप्पांना मीच बोलतो."

आणि बोलला. वडील त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"पण साहेब, तुम्हीच तर ओके दिला होता."

"नोकरीचा दिला होता. घराचा दिला होता. याचा नव्हता."

"सर म्हणाले, धारवाल्यांनी पास केलंय, आता काळजी नको."

"ते धारवाले म्हणजे मीच. आणि मला सरांचं काहीच माहीत नव्हतं."

वडील म्हणाले, "मग आता हा काय करणार?" जसा काही मुलगा खोलीत नव्हताच.

"मी इथेच आहे, पप्पा," मुलगा म्हणाला.

भाचीला सांगायचं की नाही, हे त्याने स्वतः ठरवलं. रविवारी तो धारला आमच्या घरी आला आणि दोघं गच्चीवर बसले. मी खाली वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो होतो. बायको म्हणाली, "उलटं धरलंय." उलटं नव्हतं, पण मी तपासून बघितलं.

भाची खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मामा, आईला मी सांगते. मला नको."

"कारण विचारेल ती."

"तिरल्याची नोकरी सोडून मी देवासला जाणार नाही. हे खरंच आहे. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मुलाचंच ऐकून घेतलंत म्हणे. चला, सुधारताय."

बहीण माझ्यावर चिडली. "दादा, तू पास केलेलं स्थळ नापास कसं झालं?" मी म्हणालो, माझी तपासणी अपुरी होती. ते खरं होतं, म्हणून मला बोलता आलं. आता चार घरांत म्हणतात, पोरगी फार चोखंदळ आहे आणि मामाची नजर मंदावली. चोखंदळपणा तिच्या माथी बसला, याचं मला वाईट वाटतं. ती म्हणते, बसू दे.

इंदूरच्या सरांना मी फोन केला. सांगितलं, देवासचं ते लग्न होत नाही, मी तो मामा, यापुढे माझं उदाहरण कुणाला देऊ नका. ते शांतपणे म्हणाले, "इथे नाही तर दुसरीकडे जमेल, भाईसाहब." तेव्हापासून देवासहून फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलतो.

परवा आला तो मुलाच्या वडिलांचा होता. म्हणाले, सर पुन्हा बोलावतायत, या वेळी नवीन पद्धतीने करू म्हणतात. मुलगा जेवत नाही, खोलीचं दार लावून घेतो. "साहेब, तुम्ही चौकशी करता. या सरांची करून द्याल का?"

"झाली आहे करून," मी म्हणालो. "हे स्थळ नको."

कारण द्यायची माझी सवय आहे, म्हणून सगळं दिलं. ते ऐकत होते की नाही, कळेना. शेवटी विचारलं, मघाशी म्हणालात त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात. मी पत्ता सांगितला. पुन्हा एकदा सावकाश सांगितला. दाराची कडी तेवढी काढून ठेवायला सांगा त्याला, म्हणालो. पलीकडे पत्ता लिहून घ्यायला कागद वाजला की नुसता पंखा, मला खात्रीने सांगता येत नाही. मी फोन ठेवला नाही. त्यांनी ठेवेपर्यंत तसाच कानाला धरून उभा राहिलो.