माझ्या वतीनं क्षमा

क्षमा करण्यात आमच्या यांचा हात धरणारा माणूस मंगरूळपीर तालुक्यात सापडायचा नाही. कोणी तोंडावर शिवी दिली तरी हे हात जोडून पुढे निघतात. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, ही येशूची शिकवण. रविवारी आमच्या ओसरीत पाच-सहा ख्रिस्ती घरांची प्रार्थना होते, तिथंही हे बहुतेक वेळा त्यावरच बोलतात. लोक म्हणतात, काय साधा माणूस आहे. त्या साधेपणामागचा झाडू मात्र माझ्या हातात असतो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी कुरड्या घातल्या. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, पहाटे उठून तो शिजवा. कंबरेचा पार काटा ढिला झाला. लेकीचं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, तिच्या सासरी पाठवायच्या होत्या. अंगणात बाजेवर धोतर पसरून घातलेल्या कुरड्या अजून ओल्या होत्या, तेवढ्यात शेजारणीच्या मोकळ्या जागेत हरभऱ्याचं थ्रेशर सुरू झालं. त्याचं तोंड बरोबर आमच्याकडे. सगळं कुटार, म्हणजे हरभऱ्याचा भुसा, माझ्या अंगणात. मी हातवारे केले, घसा फोडला, पण मशीन काही थांबलं नाही. कुरड्यांना केस उगवल्यासारखे दिसू लागले. मी तिथंच बसून रडले.

संध्याकाळी यांना सांगितलं. जाऊ दे, आपण क्षमा करू, असं म्हणून हे हातपाय धुवायला गेले. वर रविवारी प्रार्थनेत सांगितलं, की आमचं एवढं नुकसान झालं, पण आम्ही मनात काही धरलं नाही. बाया माझ्याकडे कौतुकानं पाहू लागल्या. मी आतून नुसती जळत होते. या ‘आम्ही’त मी कधी आले, हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीचं दार गाठलं. भांडायचंच होतं. माझं सगळं ऐकून ती गोंधळली.

“मशीनचं तोंड तुमच्याकडे करू का मनून आदल्या दिवशीच भाऊजीले इचारलं ना मी. ते म्हणे, करा, आमची काई हरकत नाई. कुरड्याचं सांगतलं असतं तर दोन दिवस थांबलो नसतो का वो बाई?”

मी तशीच घरी आले आणि यांना विचारलं. हे म्हणाले, तुला सांगायचं राहून गेलं. आणि मग त्यांच्या त्या प्रार्थनेतल्या मऊ आवाजात, “चुकलंच माह्यं. आता मले क्षमा कर.”

“तिले माह्या वतीनं तुमीच क्षमा केली, मले न इचारता,” मी म्हटलं. “आता तुमालेही तुमीच करून घ्या.”

करीन मी क्षमा, येशूचा शब्द मलाही मोडवत नाही. पण ती मी माझ्या तोंडानं करीन, आणि अजून मला ती करावीशी वाटत नाही.