ऐकलेल्या गाण्याचे पैसे

ऐकलेल्या प्रत्येक गाण्याचे पैसे देणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. औंढ्याला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. आवाज एवढा दांडगा की सुई टोचण्याआधी बुजरी म्हैस त्यांच्या एका हाकेनं जागच्या जागी उभी राहायची. पण त्या आवाजात सूर म्हणाल तर औषधालाही नाही. गाण्यावर जीव मात्र असा की काय सांगू! भीमजयंतीच्या महिन्यात आसपास कुठंही गायन पार्टी असली की साडू पहिल्या रांगेत हजर. आवडती ओळ आली की हे उठले, पेटीवर दहाची नोट ठेवली; गाणाऱ्यानं गाणं थांबवून माइकवर ह्यांचं नाव-गाव घेतलं; हे बसले. पुढच्या कडव्याला पुन्हा उठले. हट्टा गावचा एक गायक तेव्हा साऱ्या भागात नावाजलेला होता. त्यानं तर साडूंना बरोबर ओळखलं होतं. हे समोर दिसले की चांगली ओळ चारचारदा घोळवायचा. अक्का म्हणायच्या, "ह्यांच्यासमोर मी लेकराला अंगाई बी म्हनत न्हाई. लगेच खिशात हात घालतेत."

इथवर ठीक होतं हो, गाण्यावर बक्षीस ठेवायचा रिवाजच आहे आपल्याकडं. पण साडूंनी तो रिवाज मांडवाबाहेर काढला. त्या काळात आम्ही सगळे कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचो आणि हवी ती गाणी भरून आणायचो. साडू मात्र कंपनीची कॅसेटच घेणार, मग तिच्यात ऐकण्याजोगी दोनच गाणी का असेनात. दुसऱ्याच्या वरातीचा बँड नुसता रस्त्यानं जाऊ दे, ह्यांचा पाय हलला की नोट निघालीच. एकदा आम्ही जवळा बाजाराहून काळीपिवळीनं येत होतो. ड्रायव्हरनं टेप लावला होता. औंढ्याला उतरल्यावर साडूंनी भाड्यावर दोन रुपये जास्त ठेवले. ड्रायव्हर प्रामाणिक, परत करायला लागला. साडू म्हणाले, ते गाण्याचे आहेत, गाणाऱ्याला पोचव. बिचारा ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं. अशा वेळी दुसरीकडं बघण्यात मी चांगलाच तरबेज झालो होतो.

मग मोबाईल आले, आणि साडूंच्या डोक्याला खरा ताप सुरू झाला. औंढ्यात देवळाच्या रस्त्याला एक मोबाईलवाला होता. कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून गाणी उतरवून ठेवायचा आणि लोकांच्या मेमरी कार्डात भरून द्यायचा. गर्दी तर अशी की उभं राहायला जागा नाही. ड्यूटी सुटली की साडू त्या गर्दीत. कार्ड भरायचे पैसे ह्याला दिले ते कळलं, गाणाऱ्याचे कोणाजवळ दिले, असं एकेका गिऱ्हाईकाला थांबवून विचारायचे. गिऱ्हाईक हसून चालतं व्हायचं. शेवटी दुकानदार वैतागला.

"मामा, काहून धंद्याच्या टायमाला तकलीफ देऊन राहिले? नेटवर पडलेलं हाय ते, फुकट."

"पडलेलं हाय म्हंजे बेवारस हाय का?" साडू म्हणाले.

मी आपला दुकानदाराच्या बाजूचा. माझं कार्ड गच्च भरलेलं, आणि ते रिकामं करायची माझी बिलकूल तयारी नव्हती. त्यामुळं साडूंशी तावातावानं भांडायचो. म्हणायचो, मी गाणं उतरवून घेतलं म्हणून गाणाऱ्याच्या गळ्यातलं काही कमी झालं का? त्यावर साडूंनी दवाखान्यातलंच उत्तर काढलं. दूध काढल्यानं म्हैस कमी होत नाही, पण पेंड घातली नाही तर उद्या दूध कुठून काढणार?  

आणि झालं काय, साडूंच्या वाढदिवसाला मीच हौसेनं त्यांना गाणी वाजणारा मोबाईल घेऊन दिला. कार्ड भरूनच, सगळं फुकटातलं. मला काय ठाऊक की त्यात पहिलंच गाणं त्या हट्ट्याच्या गायकाचं निघेल! कुणीतरी त्याच्या जुन्या कॅसेटीवरून ते इंटरनेटवर चढवलं होतं. साडूंनी बटण दाबलं, आवाज ओळखला आणि ताडकन उभे राहिले. किती वर्षांनी तो आवाज कानी पडत होता! पेटी, ढोलकी, मागचा कोरस, सगळं जसंच्या तसं. सवयीनं हात खिशात गेला, नोट बाहेर आली, आणि समोर पेटीच नाही. नोट हातात धरून ते खोलीच्या मधोमध तसेच उभे. मग त्यांनी गाणं बंद केलं. त्यानंतर ते लावलंच नाही. जीव तर तुटत होता. मोबाईल हातात घेतात आणि ठेवून देतात, असं अक्का सांगायच्या. मी म्हटलं, ऐका की हो आता. तर म्हणाले, "त्याचं त्याला देल्याबिगर कसं ऐकू?"

शेवटी एका रविवारी मीच मोटारसायकल काढली, साडूंना मागं बसवलं आणि हट्टा गाठलं. गायक अंगणात बाजेवर शेंगा फोडत बसला होता. पार्टी कधीच मोडली होती. जयंतीला आता लोक पार्टी बोलावत नाहीत, मोबाईलचं कार्ड घालून मोठाले स्पीकर लावतात. साडूंनी जयभीम केला आणि केली घोडचूक. नोटा काढल्या आणि सरळ गायकाच्या हातात कोंबल्या. माणसाचा चेहराच उतरला. बक्षीस ठेवायचं गाण्यावर. गाणं नसताना हातात दिली ती भीक. साडू आयुष्यभर हा रिवाज पाळत आले आणि ऐन वेळी घाईत विसरले.

"आमी गाणारे मानसं," गायक म्हणाला. "गाण्याबिगर पैसा घेत न्हाई. आन् गळा तर राह्यला न्हाई आता."

आवाज खरोखरच गेला होता, नुसती घरघर. नोटा परत साडूंच्या हातात आल्या. एवढा दांडगा माणूस, पण रडकुंडीला आला.  मग साडूंनी विचारलं, पेटी आहे का? पेटी होती, फडक्यात गुंडाळलेली. गायकाच्या बायकोनं ती आणून ठेवली. साडूंनी पेटीवर मोबाईल ठेवला आणि बटण दाबलं.

गायकाचा तरुणपणीचा आवाज अंगणात सुटला, आणि गायक दचकून बाजेवरून उठलाच. आवडती ओळ आली. साडू पुढं झाले, पेटीवर नोट ठेवली. गायकानं हात वर केला. मी गाणं थांबवलं. त्या घरघरत्या आवाजात त्यानं साडूंचं नाव घेतलं, गाव घेतलं आणि म्हणाला, "हं, होऊ द्या." अहो, सरसरून काटा आला माझ्या अंगावर! आणि आता साडू सोडतात होय? ओळीओळीला उठायला लागले. मी थांबवायचं, त्यानं नाव घ्यायचं, की पुन्हा सुरू. शेजारपाजारची माणसं कुडाला टेकून उभी राहिली. साडूंचा खिसा रिकामा झाला, तरी गाणं बाकी होतं. पुढची ओळ आली तसा उठलो तो मी. मला नाव-गाव विचारून माझंही नाव घेतलं त्यानं, हिंगोलीसकट. फुकटात ऐकायला लागल्यापासून गाणं इतकं गोड लागल्याचं मला आठवत नाही.

गाणं संपल्यावर गायक मोबाईलकडं बघत बसला. मग जरा बिचकतच साडूंना म्हणाला, "हे माह्यापाशी न्हाई. कॅसेट कव्हाच तुटली. मला भेटंल का? किती पडतेत?"

 "तुमचंच हाय," साडू म्हणाले. गायकानं सुनेचा मोबाईल मागवला. मी ब्लूटूथ चालू केलं. गाणं लवकर सरकेना, म्हणून दोघंही आपापला मोबाईल एकमेकांना चिकटवून धरून बसले, लहान लेकरांसारखे श्वास रोखून. गाणं पोचलं तेव्हा गायकानं मोबाईल कानाला लावला, फोन आल्यासारखा, आणि डोळे मिटून घेतले. आम्ही निघालो ते त्याला कळलंही नसेल.

परतताना जवळा बाजार आला. साडू मागून म्हणाले, "फुकट फिरलं म्हनून तर त्याचं त्याला भेटलं. तुमचं बी बराबर हाय, साडूभाऊ." इतक्या वर्षांत साडूंनी माझं म्हणणं पहिल्यांदाच कबूल केलं होतं. पण स्वतःच्याच आवाजाची किंमत विचारणारा तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि खरं सांगतो, मला ते जिंकणं नको होतं.