थांबवून पाहायचा भाग

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी माझी बायको तिच्या संशोधन संस्थेत कामाला गेली. दुपारी तिथून फोन आला. बोलणाऱ्याचं जपानी मला कळलं नाही, म्हणून मी फोन मुलीकडे दिला. तिने ऐकलं आणि मला मराठीत सांगितलं, "आई पडलीय. उठत नाहीये." आम्ही टॅक्सीने रुग्णालयात गेलो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान लववली. ते काय म्हणाले ते मुलीने मराठीत सांगितलं नाही.

त्यानंतर ती मराठीत बोललीच नाही.

मुलगी दहा वर्षांची आहे. जन्म पुण्याचा, पण आठवणी सगळ्या इथल्या, जपानातल्या त्सुकुबाच्या. शाळा जपानी, मैत्रिणी जपानी. मराठी होती ती आईची. माझ्याशीही ती मराठीत बोलायची, पण कामापुरती: डबा, मोजे, छत्री. गप्पा आईशी. आता कामाचंही ती जपानीत सांगू लागली. माझं बोलणं तिला कळत होतं; उत्तर मात्र जपानीत यायचं आणि त्यातलं मला निम्मं समजायचं. उरलेलं निम्मं मी अंदाजाने भरून काढायचो. अंदाज चुकला की ती पुन्हा सांगायची नाही, स्वतःच उठून ते काम करायची.

त्सुकुबा आखून वसवलेलं गाव आहे. रस्ते रुंद, झाडं ओळीने लावलेली, आणि कुठेही जायचं तर गाडी हवी. गाडी बायको चालवायची. मला येत नाही. आता गाडी आमच्या इमारतीखालच्या जागेवर नुसती उभी होती आणि मी तिच्या बाजूने सायकल काढून दूध, भाजी आणायचो. पुण्यात मी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. बायकोला इथे संशोधनाचं काम मिळालं तेव्हा नोकरी सोडून तिच्यासोबत आलो. माझ्या आणि मुलीच्या राहण्याच्या परवान्यावर 'कुटुंबीय' असं लिहिलेलं आहे. ज्या व्यक्तीचे आम्ही कुटुंबीय, ती आता नाही. शाळेचं वर्ष मार्चपर्यंत होतं. त्याआधी निघावं तर मुलीचं वर्ष मोडतं, थांबावं तर कशाच्या जोरावर, ते मला सुचत नव्हतं. सुचेपर्यंत मी कचरा वेगळा करून ठेवत होतो. जळणारा, न जळणारा, बाटल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सासूबाई आल्या. साताऱ्याहून एकट्या, पहिल्यांदाच विमानात बसून, पाहुण्यांना मिळतो त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर. आल्या दिवशी त्या मुलीला पोटाशी धरून बसल्या. मुलगी हलली नाही, आणि बोललीही नाही. नंतर मला म्हणाल्या, "लग्न झालेल्या लेकीचं आईला पुरतं सुतकसुद्धा नसतं हो. तीन दिवसांत मी मोकळी झाले म्हणे. मोकळी होऊन करू काय?"

सासूबाईंचं आणि माझं बोलणं आजवर बायकोमार्फत व्हायचं. ती नसताना आम्हाला एकमेकांशी काय बोलावं ते कळेना.

"चहा घेणार का?" मी विचारायचो.

"तुम्ही घेणार असाल तर."

"तुम्ही घेत असाल तर मी घेईन."

अशात चहा राहूनच जायचा. त्या बाहेर पडायच्या नाहीत. सायकल त्यांना येत नव्हती, बसची वेळ आणि थांबा दोन्हींची त्यांना धास्ती. दोन खोल्यांत त्या दिवसभर हाताला काम शोधायच्या. जपानी तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, तरी रोज ताट घेऊन खिडकीशी बसायच्या आणि एकेक दाणा बाजूला सरकवायच्या.

मुलगी शाळेतून आली की विचारायच्या, "काय केलंस गं आज शाळेत, सोने?"

"बेत्सुनी."

"काय म्हणाली?"

"विशेष काही नाही, असं."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडलं नाही, पण मला अर्थ विचारणं सोडलं. मग एकदा स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ही माझ्याशी एक शब्द बोलल्याशिवाय मी परत कशी जाऊ? तिकडे गेल्यावर तर फोनच. फोनवर गप्प बसलेलं माणूस कळतं तरी का, आहे की गेलं?"

ते मला त्यानंतर सारखं आठवत राहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना जाणं भागच होतं.

ऑक्टोबर आला. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. गणपती बसवले नव्हते, दिवाळीचं काही करायचं नाही हे सासूबाईंनी येताच सांगितलं होतं. पण मुलीच्या मनात दुसराच सण होता. एक अमेरिकन कार्टून मालिका आहे. तिचा दरवर्षी हॅलोविनचा एक खास भाग येतो. तो आई आणि मुलगी मिळून पाहायच्या. त्यात भुतं भरपूर असतात, पण घाबरवायला नव्हेत. जुने भयपट, जाहिराती, गाण्यांच्या स्पर्धा, बातम्या, सगळ्यांची टिंगल असते. बायकोने हे मूळ सिनेमे वसतिगृहात असताना मैत्रिणींबरोबर पाहिलेले. ती दर दोन मिनिटांनी भाग थांबवायची, तर्जनी वर करायची आणि म्हणायची, "थांब. मुद्दा असा की..." मग ते दृश्य कशावरून घेतलंय, मुळात काय होतं, इथे काय उलटं केलंय. अर्ध्या तासाचा भाग दीड तास चालायचा.

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो. वर्गात मी विडंबन शिकवलेलं. मूळ पाठ असेल त्यालाच विडंबनाचं हसू येतं, असं मी मुलांना सांगायचो. बायकोला हे पटायचं नाही. "आपल्या पोरीने सगळ्याच्या नकलाच आधी बघितल्यात," ती म्हणायची. "मूळ बघेल तेव्हा तिथे हसेल. काय बिघडलं?"

त्या वर्षीचा नवा भाग आला तो शनिवार होता. दुपारी मुलीने स्वतःच टीव्ही लावला. सासूबाई तांदळाचं ताट घेऊन तिच्या शेजारी सोफ्यावर बसल्या होत्या. मी मनात म्हटलं, आता त्या सणाचं काढतील. त्यांनी पडद्यावरचे कोरलेले भोपळे पाहिले आणि विचारलं, "हे काय आहे?"

"तिकडचा भुतांचा सण," मी म्हणालो.

"मग बघू दे. आपला नाही ना, मग बंद कसला ठेवायचा."

भाग सुरू झाला. इंग्रजीत होता, सासूबाईंना एक अक्षर कळत नव्हतं. पडद्यावर एक मुखवटेवाला आला. तो दरवर्षी असतो. माणसं जिवाच्या आकांताने पळतात, तो सावकाश चालतो, आणि तरी दरवेळी त्यांच्या आधी पोचलेला असतो.

सासूबाई ताटातून मान वर करून बघत होत्या. "मेला चालतोय किती सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई आहे तर रिक्षा करायला काय होतं याला?"

मुलीच्या नाकातून हसू फुटलं. तिने भाग थांबवला. तर्जनी वर केली.

"थांब. मुद्दा असा की," ती म्हणाली, "हा कधीच पळत नाही. म्हणजे बघ, जुन्या सिनेमांत खुनी असाच चालायचा. पळणारे दमतात, हा दमत नाही. इथे गंमत काय केलीय, तर पळणारे चुकीच्या बसमध्ये चढतात आणि ती बस याच्याच घराशी थांबते. कळलं?"

मराठीत. पण ती तिची मराठी नव्हती. 'म्हणजे बघ' म्हणतानाची ओढ, 'कळलं'च्या आधी घेतलेला श्वास, सगळं आईचं. हुबेहूब नक्कल. मी पुस्तक खाली ठेवलं, पण मान वर केली नाही. वर केली तर ती थांबेल असं वाटलं.

सासूबाईंचा हात तांदळात होता तिथेच राहिला. मग त्यांनी विचारलं, "हे बोट वर करायचं तुला कोणी शिकवलं?"

मुलीने आपल्या बोटाकडे पाहिलं.

"अगं, हे तुझ्या आजोबांचं. शाळेत मास्तर होते ते. फळ्यापुढे असंच उभं राहायचे, असंच बोट, आणि 'मुद्दा असा की'. पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची. तुझी आई तर घरीच करायची, त्यांच्या मागे उभी राहून. मी लाटणं उगारायची तिच्यावर. पुढे ते गेले आणि तिची सवय काही गेली नाही."

मुलीने आजोबांना पाहिलेलं नाही, मीही नाही. लग्नाआधीच ते गेले होते. बारा वर्षं मी ज्या बोटाला बायकोचं समजत होतो, ते तिचं नव्हतं. त्या खोलीत मूळ पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि ते तांदूळ निवडत होतं.

"पुन्हा कर बघू," सासूबाई म्हणाल्या.

मुलीने केलं नाही. तिने भाग सुरू केला. थोड्या वेळाने कबरीतून उठलेली प्रेतं एका लांब टेबलापाशी बसली आणि सगळी एकदम ओरडू लागली. मध्ये बसलेलं एक प्रेत त्याहून मोठ्याने ओरडत होतं. मुलीने थांबवलं. बोट वर गेलं. "मुद्दा असा की..." मग बोट खाली आलं.

"हे कशाचंय ते मला माहीत नाही," ती म्हणाली. हा आवाज तिचा होता. "आईला माहीत असतं."

मला त्या दृश्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"यात न कळण्यासारखं काय आहे?" सासूबाई म्हणाल्या. "ह्या तर आपल्याकडच्या बातम्या. रोज संध्याकाळी लागतं हे साताऱ्याला. तो मधला आहे ना, त्याला सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं असतं, पण बोलू कुणालाच द्यायचं नसतं. आणि हे कडेचे भांडणारे दोघं बाहेर गेल्यावर एकत्र चहा पितात."

"मेलेले?"

"जिवंत आहेत म्हणून सांगतात."

मुलगी हसली. आजीच्या खांद्याला टेकून हसली, मग तशीच टेकून राहिली. तिचे खांदे हलत होते ते आता हसण्याने नव्हते. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन उभा राहिलो. ठेवायला जागा होती, पण सुचलं नाही. त्या दिवशी भाग तिथेच थांबला.

पुढचे आठवडे त्या दोघी तो भाग थोडा थोडा पाहायच्या. मुलगी थांबवायची, आईच्या आवाजात सांगायची. सासूबाईंना वाटलं तर त्या साताऱ्याचं काहीतरी सांगायच्या. भाग चालू असताना मुलगी पूर्वीसारखीच गप्प. जेवायला बसली की उत्तर जपानीत. मी एकदा डब्याचं विचारताना मुद्दाम बोट वर केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जपानीत काहीतरी म्हणाली आणि दप्तर घेऊन निघून गेली. ते काय होतं ते मला समजलं नाही.

सासूबाईंना मी बसने विमानतळावर सोडायला गेलो. मुलगीही आली होती. आत जाताना त्यांनी तिला विचारलं, "काय गं, त्या मुखवटेवाल्याचं शेवटी होतं काय?"

"अजून बघायचंय," मुलगी मराठीत म्हणाली.

"मग मला सोडून बघू नको."

आता रविवारी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला असतो, साताऱ्याहून सासूबाई पाहत असतात, आणि मुलगी थांबवून सांगते. भाग संपायला थोडाच राहिला आहे. तो ती पुढे नेत नाही, मागे नेते. गाडी खालीच उभी आहे. मार्चनंतरचं ठरलेलं नाही. आमच्या घरात मराठी बोलली जाते ती चित्र थांबलेलं असताना.