पांढरी पुडी

मासळीबाजारात तिला सगळे तोफ म्हणत. नवरा गेल्यापासून ती आणि तिची नणंद मिळून एक ओटा चालवायच्या. नणंद वजन करायची, तोफ कापायची. हातभर लांब मासा दोन घावांत आडवा. कुणी न विचारता मालाला हात लावला, तर सुरा त्याच्या बोटांशेजारी फळीत रुतायचा.

चाळिशी ओलांडली आणि सकाळी तिच्या मुठी मिटेनात. दोन्ही हातांची बोटं सुजायची, गरम लागायची. तास-दीड तासाने कुठे वळायची. एकदा सुरा हातातून निसटला आणि पायाच्या अंगठ्याचं नख उडवून गेला.

"दवाखान्यात चल, वहिनी!" नणंद ओरडली.

"हट् गं! एकदा हात दाखवला की सगळा बाजार मला म्हातारी करून टाकेल."

मागच्या गल्लीत एक पुडीवाला होता. "झाडपाल्याचं आहे, ताई," म्हणत तो बिननावाच्या पांढऱ्या पुड्या द्यायचा. तिसऱ्याच दिवशी बोटं मोकळी झाली. दीड वर्ष तिने रोज दोन पुड्या घेतल्या. तोंड भोपळ्यासारखं गरगरीत झालं, जरा कुठे धक्का लागला की कातडी काळीनिळी. तिला वाटलं, अंग धरतंय.

मग एका सकाळी शेजारच्या ओटेवाल्याने आपल्या पेट्या त्यांच्या ओट्यावर सरकवल्या. नणंदेने हटकलं, तर त्याने तिचे केस धरून डोकं तराजूवर आपटलं. रक्त पाहिलं मात्र, तोफेने फळी उचलून त्याच्या खांद्यावर घातली. कडकन आवाज झाला. मोडलं होतं ते तिचं मनगट. ती खाली बसली तशी त्याने बरगड्यांत लाथ घातली. दोन बरगड्या गेल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा फोटो उजेडासमोर धरला. "एवढ्याशा माराने असं हाड मोडत नाही. काय घेत होतात?"

तिने पुडी दाखवली.

"तुम्हाला संधिवात आहे. अंगातली राखणदार फौजच बिथरून तुमच्या सांध्यांवर चाल करते. या पुडीत बहुतेक स्टेरॉइड आहे. त्याने सूज दबली, पण हाडं आतून पोखरली. आता ते एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. आम्ही हळूहळू कमी करू."

तीन आठवड्यांनी, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, ती पुडीवाल्याच्या गल्लीत शिरली. डाव्या हातात दोन किलोचं वजन. बरण्या, काच, टेबल, काही ठेवलं नाही. पुडीवाल्याने तिचा मोडका हात धरून पिरगाळला. ती किंचाळली आणि त्याच्या कानाला कडकडून चावली. मागून धावत आलेल्या नणंदेने स्टूल त्याच्या पाठीत घातलं.

पोलिसांनी तिघांनाही नेलं. तोफेने पदरात गुंडाळलेल्या पुड्या साहेबांच्या टेबलावर ओतल्या. "आधी ह्या तपासा, मग मला आत टाका."

तपासणीत स्टेरॉइड निघालं. दुकानाला सील लागलं. मारहाणीचा खटला मात्र तिच्यावरही चालला. पश्चात्ताप होतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"होतो ना, साहेब. डावा हात उजव्याइतका चालत नाही."

दंडावर सुटली.

मनगट वाकडं जुळलं. दोन बोटं कायमची दुमडलेली राहिली. आता आठवड्यातून एक दिवस सांध्यांची गोळी, हाडांसाठी वेगळं औषध, मधूनमधून रक्ततपासणी. मासे नणंद कापते, फार वाईट कापते. तोफ तराजूशी बसून तिला दिवसभर शिव्या घालते.