बाटलीवरचा पत्ता

त्याने आगळ चाखलं. चमचाभर. डोळे मिटून.

"वा," म्हणाला. "असं कोकम आगळ आता कुठे मिळतंय? कुणी केलं गो?"

गणपतीपुळ्याला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, सरबतं. सगळे त्याला तात्या म्हणतात. मीही म्हणायचे. "आम्हीच केलं, तात्या. मी, आई आणि वाडीतल्या बायका." माझा ऊर भरून आला होता. सकाळच्या पहिल्या एसटीने दोन पिशव्या घेऊन आले होते. मालगुंडच्या आतल्या अंगाला आमचं गाव. नववं की दहावं दुकान होतं हे, आणि चाखून डोळे मिटणारा हा पहिलाच माणूस.

मग त्याने बाटली उलटी केली. खायच्या मालावर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापावा लागतो. तसा कायदा आहे. चष्मा खाली ओढून त्याने तो वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली. बौद्धवाडी.

बाटली टेबलावर ठेवली. उठला. पायरीजवळच्या नळाशी गेला. चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. खळखळून.

पंच्याने तोंड पुसत परत आला आणि हसला. "आंबट फार गो. दातांना लागतं माझ्या."

मी पण हसले. हे लिहून ठेवते. मी पण हसले.

मग तो म्हणाला, "माल उत्तम आहे. पत्ता आड येतोय. तो बदललास की ये."

मी बाटल्या पिशवीत भरल्या, "येते तात्या" म्हटलं आणि स्टँडवर येऊन बसले. रडले नाही. रडायला कारण तरी काय सांगणार होते? माणसाने चूळ भरली म्हणून?

आमच्याकडे कोकणात थेट जात विचारत नाहीत. तेवढी सभ्यता पाळतात. कुठल्या वाडीतली, असं विचारतात. उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा आपोआप जागेवर बसतो.

धंदा मी पैशासाठी काढला नव्हता, असं म्हणणार नाही. पैसा हवाच होता. बीएस्सी होऊन रत्नागिरीत आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात तीन वर्षं लॅबमध्ये काढली होती. पण नोकरी सोडली ती आईच्या हातांमुळे.

आईने सतरा-अठरा उन्हाळे गावातल्या एका बागायतदाराच्या खळ्यात रातांबे फोडले. रातांबा म्हणजे कोकमाचं पिकलं फळ. फोडायचं, बिया काढायच्या, साली वेगळ्या करायच्या. मग मीठ घालून जो रस सुटतो ते आगळ. बोटं जांभळी व्हायची ती पावसाळा संपेपर्यंत तशीच. नखांच्या कडा चिरायच्या. लहानपणी मी तिच्यासोबत जायचे. त्या घराची एक रीत होती. फळ फोडायला आमच्या बायका चालायच्या. साली पिंपात टाकेपर्यंत चालायच्या. पण मिठाचं घमेलं आलं की आमच्या बायका उठायच्या. कुणी सांगायचं नाही. पदराला हात पुसत खळ्याच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या. मीठ घरच्या सुना घालायच्या. मीठ पडेपर्यंत ते फळ, मीठ पडलं की ते अन्न. अन्नाला आमचा हात चालत नव्हता.

मी एकदा विचारलं होतं, "आये, तू का उठलीस?"

"मीठ पडला का उठायचा," ती म्हणाली होती. बाकी काही नाही.

म्हणून मी धंदा काढला. आमच्या वाडीत, आमच्या खळ्यात, आमच्या हाताने मीठ. पहिलं पिंप भरलं त्या दिवशी आईने मुठीत मीठ घेतलं आणि नुसतीच उभी राहिली. शेजारची सुमनकाकी ओरडली, "टाक की गो, कुणाची वाट बघतंस?" सगळ्या हसल्या. आईने मीठ टाकलं. मी तेव्हाच त्यांना बोलले होते, बाटलीवर वाडीचं नाव असेल. सुमनकाकीने दोनदा खात्री करून घेतली. "छापतलंस ना नक्की? मोठ्ठ्या अक्षरात?" मी म्हटलं, नक्की.

मग सुरू झालं फिरणं.

बँकेतला साहेब कागद न उघडता म्हणाला, "तुम्हाला तर योजना असतात ना?" रत्नागिरीतल्या हॉटेलवाल्याने मालाची तारीफ केली, फोन करतो म्हणाला, अजून करतोय. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी स्टॉल दिला तो सगळ्यात मागे, चपला-पर्सच्या रांगेत. विचारलं तर म्हणाल्या, "खाद्यपदार्थांची रांग भरली हो." खाद्यपदार्थांच्या रांगेत दोन टेबलं रिकामी होती. मोजावी लागली नाहीत, ती डोळ्यांत खुपत होती. तोंडावर कुणीच काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं. भांडायला मी कमी नाही. पण हसऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी बाटल्या साठत गेल्या. पडवी भरली. बायका तोंडाने काही विचारत नव्हत्या. येता-जाता पडवीकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

आणि एका सोमवारी मी परत त्याच्याकडे गेले. स्वतःच्या पायांनी. चूळ भरलेल्या माणसाकडे.

"आलीस? मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "माझा पत्ता टाक. माझ्या बागेचं नाव टाक. बनवा तुम्हीच. मी काय जात मानणारा माणूस नव्हे गो. गिऱ्हाईक मानतं, त्याला मी काय करू?"

मी हो म्हटलं. पाणी प्यायला वेळ लागतो तेवढाही वेळ घेतला नाही.

नवी लेबलं आली. हिरवी, देखणी, वर त्याच्या बागेचं नाव, मागे त्याचा पत्ता. सुमनकाकीला वाचता येतं. तिने बाटली हातात घेतली, पुढून बघितली, मागून बघितली, खाली ठेवली. "आपला नाव खंय गो?" मी म्हटलं, "काकी, सध्यापुरतं. एकदा माल चालला की बदलू." हे सध्यापुरतं पार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. माल धडाधड खपला. पडवी रिकामी झाली. तेच आगळ, तेच हात, नुसता पत्ता दुसरा. बायकांच्या हातात दर आठवड्याला पैसे पडायला लागले आणि मी स्वतःला हुशार समजायला लागले.

मग रातांब्याच्या दिवसात त्याचा फोन. पुण्याच्या कुणी बाई येणार होत्या. कोकणातल्या जेवणाचे व्हिडिओ करतात, हजारो लोक बघतात. त्यांना आगळ कसं होतं ते दाखवायचं होतं. "आमच्या खळ्यात करू," तो म्हणाला. "तू बायका घेऊन ये. गावठी दिसलं पाहिजे हं, नऊवारी असेल तर बरं."

मी घेऊन गेले. आई, सुमनकाकी आणि आणखी तिघी. आईने लग्नातलं जुनं लुगडं नेसलं. रिक्षात ती खूश होती. लेकीच्या धंद्याचा व्हिडिओ होणार होता.

शेणाने सारवलेलं खळं. मध्ये रातांब्यांचा ढीग. बायका बसल्या, फोडायला लागल्या. पुण्याच्या बाई मोबाइल घेऊन फिरत होत्या. चांगल्या होत्या. खरंच चांगल्या होत्या. "मावशी, किती पटापट हो!" असं म्हणत होत्या. आई लाजत होती.

मग घरातून तात्याची सून मिठाचं घमेलं घेऊन आली. पैठणी, नथ, सगळं.

आणि आई उठली.

कुणी काही बोललं नव्हतं. हातातला रातांबा तसाच टाकून ती उठली, पदराला हात पुसले आणि खळ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिच्या मागे सुमनकाकी. मग बाकीच्या तिघी. आदल्या उन्हाळ्यात आमच्या खळ्यात जिने मुठीमुठीने मीठ टाकलं, ती बाई दुसऱ्याच्या खळ्यात पाऊल टाकताच पुन्हा कडेला. आणि तिला तिथे नेलं होतं मी. बागायतदाराने नाही, तात्याने नाही. मी रिक्षा करून नेलं होतं.

तिथेही सावरता आलं असतं. पुण्याच्या बाईंनी संधी दिली होती. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही का उठलात? तुम्हीच घाला ना मीठ. तुमच्या हातचं दाखवू."

आईने माझ्याकडे बघितलं. सुनेने तात्याकडे बघितलं. तात्या माझ्याकडे बघून हसला, तेच नळावरचं हसू.

आणि मी बोलले, "नको, तिला नको. तिचे हात चिरलेत. मीठ झोंबेल."

सतरा-अठरा वर्षं तिने जे कुणाकडून ऐकलं नव्हतं ते माझ्या तोंडून ऐकलं. बागायतदाराच्या घरात निदान कुणी तोंडाने सांगत नव्हतं. मी सांगितलं. काळजीच्या आवाजात सांगितलं. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात घाण काम ते. कुठल्याही दुकानदाराने माझा केला नाही एवढा अपमान मी माझ्या आईचा केला. आणि सून मीठ टाकत असताना कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून आई आणखी दोन पावलं मागे सरकली.

रिक्षाने घरी आलो. लुगड्याची घडी घालताना आई म्हणाली, "खोटा नाय बोललंस तू. हात चिरलेतच माजे." मग घडी पेटीत ठेवत, "पण मीठ मना कधी झोंबला नाय गो."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती चुलीकडे गेली आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. देवदर्शनाची गर्दी होती. तो खुशीत होता.

"बस गो. व्हिडिओ झकास झालाय म्हणे."

"माझ्या बाटल्या द्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. पत्ता बदलायचाय."

"परत? आता कुणाचा टाकणार?"

"माझा."

तो मोठ्याने हसला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "आणि मग ठेवणार कोण तो माल?"

"तुम्ही नाही."

त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, मी तुला उभं केलं. मी जात मानत नाही, तुला माहिती आहे."

"मग त्या दिवशी चूळ का भरलीत?"

त्याने गल्ल्यातल्या नोटा सारख्या केल्या. म्हणाला, "आंबट होतं."

"तीनदा?" मी विचारलं.

तो गिऱ्हाइकाकडे वळला. मी फडताळावरच्या बाटल्या स्वतः उतरवल्या. घाईत एक बाटली फुटली, लादीवर लाल पसरलं. मी ते पुसलं नाही. या वेळी मी हसलेही नाही.

हे मोठं शौर्य केलं असं समजू नका. जे आधीच्या दिवशी आईसमोर बोलायचं होतं ते मी दुसऱ्या दिवशी, आई नसताना बोलले. उशिराचं होतं ते. तेवढी मला समज आहे.

हिरवी लेबलं आम्ही टबात भिजवून काढली. आई सुरीच्या पाठीने खरवडत होती. सुमनकाकी आली नाही. आठवडाभराने आली ती दारातच उभी राहून बोलली. "पैसे बंद झाले त्याचा नाय गो काय. आमाला थंय बसवलंस, आनि आमी बसलाव. तुज्यावर इस्वास ठेवून बसलाव." मी मान खाली घातली. ती आता आमच्यात काम करत नाही. रस्त्यात दिसली की बोलते, पण पहिल्यासारखं नाही. तिचं बरोबर आहे. तिला परत ये म्हणायचा हक्क मला अजून मिळालेला नाही.

आईने माफ केलं का? मी विचारलं नाही. "जाऊ दे" म्हणाली असती. तिचं "जाऊ दे" मला नकोय. ते ती आयुष्यभर सगळ्यांना देत आली आहे.

त्यानंतर दुकानं पुन्हा तीच, उत्तरं पुन्हा तीच. मार्केट नाही. जागा नाही. सीझन नाही. फोन करतो. पडवीत बाटल्या पुन्हा साठल्यात. दोन दुकानांनी ठेवल्यात, एक रत्नागिरीत, एक पावसला. खप थोडाच. कुणी शहाणा सल्ला द्यायला येतो, अगं, नुसतं गावाचं नाव टाक, वाडी कशाला? धंदा म्हणजे थोडं वाकावं लागतं. मी ऐकून घेते. किती वाकता येतं ते मला माहीत आहे. आईला कडेला उभं करण्याइतकं वाकता येतं. करून बघितलंय.

आता पुन्हा रातांबे लाल व्हायला लागलेत. या वर्षी खळं घराच्या मागे नाही, पुढे केलंय, रस्त्याला लागून. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या ज्या गाड्या आतल्या रस्त्याने जातात त्यांना ते दिसेल. पिंप मध्ये असेल. मिठाचं घमेलं आईच्या हाताशी असेल, आणि मीठ पडताना तिथून कुणी उठणार नाही. धंदा बुडाला तर तो या पत्त्यावर बुडेल.

लेबलंही नवी आहेत. साधी, पांढरी. वाडीचं नाव मागच्या बाजूला बारीक नाही, पुढे आहे, आगळ या शब्दाच्याही वर, सुमनकाकीला सांगितलं होतं तेवढ्या मोठ्या अक्षरात. यापुढे कुणालाही चमचा देण्याआधी मी बाटली त्याच्या हातात देणार आहे. आधी पत्ता वाचा. मग चाखा.