तारखांचा गठ्ठा

चिंचवडच्या शुभदाला संगणकाची भीती कधीच वाटली नाही. तिला भीती वाटायची साहेबांची. पिंपरीतल्या एका कारखान्यात ती प्रोग्रॅमर म्हणून लागली तेव्हा आळीत केवढं कौतुक झालं होतं! नोकरी अजून कच्ची आहे, जानेवारीअखेर पक्की होईल नाहीतर सुटेल, हे मात्र मायलेकींनी कुणाला कळू दिलं नव्हतं. वडील गेलेले, धाकटी बहीण शाळेत. नोकरी सुटून चालणारच नव्हतं.

एक्क्याऐंशी साल होतं. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचे. तारखांची वजाबाकी किंवा शिफ्टची विभागणी असले रोज लागणारे तुकडे पुन्हा पुन्हा कोण लिहीत बसणार? म्हणून विभागात एका खणात तयार कार्डांचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले असत. हवा तो काढायचा, मशीनवर नक्कल करून घ्यायची, मूळ गठ्ठा परत जागेवर. पण मशीन उतरवायचं फक्त भोकं. तेव्हा गठ्ठा कुठे चालत नाही ते करणाऱ्याने वरच्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचं आणि नेणाऱ्याने वाचायचं, असा शिरस्ता होता. सगळ्यात जास्त मागणी शुभदाच्या तारखांच्या गठ्ठ्याला. पोरगी मनातून फुशारायची, आणि का फुशारू नये?

जानेवारीतल्या एका सकाळी मशीन शॉपमधला हिंदुराव नोटीस घेऊन काचेच्या दाराशी आला.

"बाई, ह्ये काय लिवलंय बघा. म्हनं म्या वरीसभर कामावर न्हाई! भनीच्या लग्नाला चार दिस गेलतो, तेवढंच. आता मशिनीला हात लावू देत न्हाईत."

त्याच्यामागे तसलेच कागद घेतलेली आणखी माणसं होती, आणि ती शांत नव्हती.

हजेरीचा प्रोग्रॅम विभागातल्या जुन्या नंदकिशोरने केलेला. पण शुभदाने नोटिशीवरच्या तारखा पाहिल्या आणि तिला कळलं, त्याने त्यात आपलाच गठ्ठा घातलाय. रजा डिसेंबरात सुरू, जानेवारीत संपलेली. तिचा गठ्ठा वर्षातला कितवा दिवस ते काढून वजाबाकी करायचा. वर्ष उलटलं की उत्तर वजा यायचं, आणि वजाची खूण ठेवायला त्यात जागाच नव्हती. चार दिवसांचं वर्ष झालं ते असं. गठ्ठा करतानाच तिला हे ठाऊक होतं. मग वर लिहिलं होतं ना?

तिने खण उघडला. वरचं कार्ड कोरं होतं. लिहू उद्या, म्हणून राहिलेलं.

बाहेर घोषणा सुरू झाल्या. शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय. तारखांचा गठ्ठा घेऊन या."

बहिणीची शाळा, आईचा चेहरा, सगळं एकदम समोर आलं. तिने पेन्सिल उचलली आणि लिहिलं, 'फक्त एकाच वर्षातल्या तारखांसाठी.' मग वेडीने त्यावर फुंकर घातली. पेन्सिल काय ओली असते?

केबिनमध्ये नंदकिशोर आधीच उभा होता. साहेबांनी कार्ड वाचलं आणि त्याच्यापुढे टाकलं. "एवढं स्वच्छ लिहिलंय. वाचता येत नाही?"

नंदकिशोरने अक्षरांवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. त्याने शुभदाकडे पाहिलं. आता संपलं, असं तिला वाटलं.

"वाचलं होतं, सर," तो म्हणाला. "घाईत विसरलो. चूक माझी."

त्याला मेमो मिळाला. नोटिसा मागे घेतल्या, आणि हिंदुराव संगणकाच्या नावाने शिव्या देत मशीनवर गेला.

व्हरांड्यात शुभदाने नंदकिशोरला गाठलं. "अहो, ते कार्ड..."

"मी गठ्ठा नेला तेव्हा कोरं होतं," तो हळूच म्हणाला. "मीही न विचारता नेला. मला मेमोवर सोडतील. तुला घरी पाठवलं असतं. जा, काम कर."

महिनाअखेर नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. सावधगिरीच्या सूचना लिहून ठेवण्याच्या सवयीचं साहेबांनी त्यात खास कौतुक केलं होतं. आईने तेवढंच वाक्य शेजारच्या सुमनताईंना दोनदा वाचून दाखवलं. शुभदा मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, तरी तिला ते ऐकू येतच होतं.